विश्लेषण : स्त्रीच्या कामसुखाची बाजू घेणारा कोकणचा गणिती! र. धों. कर्वे यांच्यावर खटले का झाले?

स्त्रियांनी, स्त्रियांच्या नजरेतून तयार केलेली प्रौढ करमणूक हा आता जगभर वेगाने वाढणारा व्यवसाय आहे. अमेरिकेत कँडिडा रोयाल या पूर्वाश्रमीच्या अभिनेत्रीने १९८४ मध्ये ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली आणि पुरुषांच्या सोयीने बनणाऱ्या कामचित्रपटांना पर्याय उभा केला. टोरांटोमध्ये २००६ पासून स्त्रीवादी कामचित्रपटांना पुरस्कार दिले जाऊ लागले. आता बार्सिलोनातून काम करणाऱ्या एरिका लस्ट यांच्यासारख्या दिग्दर्शिकांची नावे जगभरच्या वर्तमानपत्रांत येतात. या सगळ्यामागचा प्रश्न साधा आहे. कामसुखात स्त्रीला स्वतःची इच्छा, स्वतःची आवड आणि स्वतःचा वाटा आहे की नाही? मराठीत हा प्रश्न १९२७ पासून एका मासिकाने दर महिन्याला विचारला. ते चालवणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचा होता आणि शिक्षणाने गणिती होता.

कोण होते र. धों. कर्वे?

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुडला झाला. हे मुरुड दापोली तालुक्यातील, हर्णैजवळचे. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे. नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचे देऊळ आणि समोर समुद्र असे हे गाव. वडील धोंडो केशव कर्वे. पुढे हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभे करणारे महर्षी ते हेच. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते.

दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडोपंतांनी पुण्यात पुनर्विवाह केला. वधू गोदूबाई जोशी या देवरुखच्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. विधुराने कुमारिकेशी लग्न करणे ही त्या काळची रीत होती. विधवेशी लग्न करणे हा मात्र अपराध ठरला. मुरुडच्या ग्रामस्थांची सभा भरली आणि कर्वे यांच्याशी व्यवहार ठेवणाऱ्यावर बहिष्काराचा ठराव झाला. धोंडोपंतांची आई आणि भावंडे गावातच होती. मुलगा गावी आला तर त्यांनाही वाळीत टाकले जाण्याची धास्ती निर्माण झाली. ज्या गावासाठी धोंडोपंतांनी १८८६ मध्ये मुरुड फंड सुरू केला होता, त्याच गावाने त्यांना दार बंद केले.

रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचे होते. समाज कुणाला शुद्ध म्हणतो, कुणाला बाटलेले म्हणतो आणि हा हिशेब जवळजवळ नेहमी एखाद्या बाईच्या शरीरावरूनच का मांडला जातो, याचा पहिला धडा त्यांना घरातच मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

पॅरिसहून त्यांनी काय आणले?

मुलगा हुशार होता. न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवी मिळवली आणि मग महाविद्यालयांत गणित शिकवण्याची नोकरी. पहिले महायुद्ध संपल्यावर गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम अवगत झाली. पुढे त्यांनी फ्रेंच कथा मराठीत आणल्या, फ्रेंच मासिके चाळून त्यातले विषय मराठी वाचकापुढे मांडले.

संततिनियमनाचा विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. युरोपात त्यांना त्याची साधने, पुस्तके आणि त्यावर उघडपणे बोलणारी माणसे मिळाली. मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये केंद्र उघडले होते, ते पोलिसांनी बंद पाडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र मार्च १९२१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी, १९२१ मध्ये, कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला आणि साधने देणारे केंद्र उघडले. भारतातील हे असे पहिले केंद्र मानले जाते. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आले.

इथे त्या काळचे चित्र लक्षात घ्यायला हवे. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला अजून चार दशके होती. एकामागून एक बाळंतपणे, त्यात दगावणाऱ्या तरुण बायका आणि गुप्तरोगाने पोखरलेले संसार हे घरोघरचे वास्तव होते. त्यावर बोलणे मात्र असभ्य समजले जाई. गर्भाशयाच्या मुखावर बसवायची रबरी टोपी, मलम, स्पंज अशी जी साधने तेव्हा निघाली, त्यांचे एक वैशिष्ट्य होते. ती बाईच्या हातात होती. नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता ती वापरता येत. विरोध करणाऱ्यांना खटकले ते नेमके हेच.

नोकरी का गेली?

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ही संस्था स्कॉटिश मिशनऱ्यांची. तिथल्या चालकांना आपला प्राध्यापक संततिनियमनाचा जाहीर प्रचार करतो हे मानवणारे नव्हते. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला. १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्राध्यापकाने चाळिशी ओलांडल्यावर मुंबईत हातची नोकरी सोडायची, तीही ज्या कामात पैसा नाही आणि बदनामी हमखास आहे त्या कामासाठी! त्यानंतर आर्थिक ओढाताण त्यांच्या पाठीशी कायमची लागली.

या निर्णयात त्यांच्या पत्नी मालतीबाई बरोबरीच्या भागीदार होत्या. मूल होऊ द्यायचे नाही हे दोघांनी ठरवले होते आणि ते पाळले. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय ऐकून घ्यावे लागे हे सांगायला नको. हळदीकुंकवापासून बारशापर्यंत प्रत्येक ठिकाणी तिच्याकडे बोट दाखवले जाई. कर्वे यांच्या वाट्याला वैचारिक वाद आले. मालतीबाईंच्या वाट्याला शेजारपाजारच्या नजरा आल्या. केंद्राच्या कामात त्या साथ देत होत्या आणि ओढग्रस्तीचा संसारही रेटत होत्या. कर्वे यांच्यावर लिहिताना त्यांचे नाव पुष्कळदा एका ओळीत उरकले जाते, हे बरोबर नाही. मालतीबाई कर्वे यांच्या आधी गेल्या. शेवटची वर्षे रघुनाथरावांनी एकट्याने काढली.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये असायचे तरी काय?

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढची २६ वर्षे, म्हणजे कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, ते निघत राहिले. मजकुराचा मोठा भाग ते स्वतः लिहीत. मुद्रिते तेच तपासत, हिशेब तेच ठेवत.

मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. आज मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर काय काय असते हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्यात काही वाटणार नाही. १९२७ च्या गिरगावात आणि सदाशिव पेठेत मात्र हा अंक लपवून घरात न्यावा लागे. कर्वे यांची भूमिका अशी होती की शरीरात लाज वाटण्यासारखे काही नाही. नग्न शरीर पाहून आनंद होत असेल तर त्या आनंदातही पाप नाही. अश्लीलता चित्रात नसून पाहणाऱ्याच्या मनात असते, असे ते मांडत. युरोपातील नग्नतावादी चळवळीचे त्यांना आकर्षण होते आणि तिच्याविषयी त्यांनी आवर्जून लिहिले.

आत काय असे? संततिनियमनाची माहिती, गुप्तरोगांपासून बचाव, आहार, विवाह, घटस्फोट, वेश्याव्यवसाय, धर्मग्रंथांतील दाखले घेऊन त्यांची उलटतपासणी, नव्या पुस्तकांचे आणि नाटक-सिनेमांचे परीक्षण, फ्रेंचमधून आणलेल्या गोष्टी, चिमटे आणि विनोद. अंकाचा मोठा आधार म्हणजे वाचकांची पत्रे. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, नवऱ्याचे समाधान होते पण बायकोचे होत नाही त्याला काय करावे, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, असे प्रश्न येत. वैद्याला, मास्तरला किंवा आईबापांना विचारता न येणारे हे प्रश्न. कर्वे त्यांना थोडक्यात, कोरडेपणाने आणि बुद्धीला पटेल असे उत्तर देत. उपदेश नसे, धमकी नसे.

याच मासिकात ‘शारदेची पत्रे’ हे सदर येई. शारदा ही सुशिक्षित, फटकळ बाई. पुरुषांनी लिहिलेल्या स्त्रीधर्माची ती खिल्ली उडवी. ही पत्रे प्रत्यक्षात कर्वेच लिहीत. पुरुषाने बाईचा आवाज घ्यावा का, हा आजच्या स्त्रीवादी चर्चेतला प्रश्न इथे विचारता येईल आणि विचारायलाही हवा. पण त्या दिवसांत असे काही स्वतःच्या नावाने छापणारी बाई मराठीत सापडणे कठीण होते आणि सापडली असती तर तिचे काय झाले असते, हेही वेगळे सांगायला नको.

कर्वे यांचे मत इतरांपेक्षा वेगळे कसे?

संततिनियमनाचे समर्थक तेव्हा आणखीही होते. कुणी लोकसंख्येचा बाऊ करी, कुणी गरिबीवरचा उपाय म्हणे, कुणी माता-बालकांच्या आरोग्यासाठी ते आवश्यक मानी. पाश्चात्त्य देशांत तर सुप्रजननाचा, म्हणजे ‘चांगल्या वंशाचीच’ वाढ व्हावी असा विचार या चळवळीला चिकटलेला होता. मेरी स्टोप्स स्वतः त्याच्या पुरस्कर्त्या होत्या.

कर्वे एक पाऊल पुढे गेले आणि तिथेच एकटे पडले. त्यांच्या मते गर्भधारणेची भीती दूर करायची ती बाईला कामसुख मोकळेपणाने घेता यावे म्हणून. कामेच्छा स्त्रीला पुरुषाइतकीच असते, तिच्या शरीरावर तिचाच हक्क आहे, नवऱ्याचा नाही, योनिशुचितेच्या कल्पनेने बाईला मालमत्ता करून ठेवले आहे, हे ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. गर्भ राहणार नाही आणि रोग पसरणार नाही याची काळजी घेतली, तर दोन प्रौढांनी संमतीने घेतलेल्या सुखात तिसऱ्याने पडायचे कारण नाही, इतके ते स्पष्ट होते. १९३४ मध्ये आलेल्या ‘आधुनिक कामशास्त्र’ या पुस्तकात हा सगळा विचार एकत्र सापडतो.

महात्मा गांधींशी त्यांचे जमणे शक्यच नव्हते. गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, संयम हाच मार्ग असे ते मानत. डिसेंबर १९३५ मध्ये सँगर वर्ध्याला येऊन गांधींना भेटल्या, तरी दोघांचे एकमत झाले नाही. कर्वे ब्रह्मचर्याचे गोडवे गाणाऱ्या सगळ्यांवर, गांधींसकट, तुटून पडत. गणितात सिद्धतेला जसा मुलाहिजा नसतो तसाच त्यांच्या लेखणीला नव्हता. त्यामुळे सहानुभूती असलेली पुष्कळ माणसेही दुरावली.

खटले कशावरून झाले?

पहिला खटला १९३१ मध्ये झाला. निमित्त होते ‘व्यभिचाराचा प्रश्न’ हा लेख. सनातनी मंडळींच्या रोषातून प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. कर्वे यांना १०० रुपये दंड झाला आणि वरच्या न्यायालयातही दाद मिळाली नाही.

त्यांच्यावर लागू झालेले कलम होते भारतीय दंड संहितेचे २९२. अश्लील ठरवायची कसोटी इंग्लंडमधून आलेली, १८६८ च्या हिक्लिन खटल्यातली. ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो अशा वाचकाच्या हाती मजकूर पडला तर तो बिघडेल का, एवढेच त्यात पाहिले जाई. लेखकाचा हेतू काय, विषय शास्त्रीय आहे का, याला फारशी किंमत नव्हती. अशा कसोटीपुढे शरीरशास्त्राचे पुस्तकही टिकणे अवघड.

दुसऱ्यांदा अटक झाली ती फेब्रुवारी १९३४ मध्ये. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीची ही उत्तरे होती. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दोघांच्या मूळ गावांत अंतर थोडे आहे. आंबेडकरांचे आंबडवे मंडणगड तालुक्यात, कर्वे यांचे मुरुड शेजारच्या दापोली तालुक्यात. आंबेडकरांचे वडील निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच राहिले होते आणि रमाबाईंचे माहेर वणंदही दापोलीजवळचे. पण गाव जवळ म्हणून हा खटला त्यांनी घेतला असे मानण्याचे कारण नाही. गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या, अस्पृश्यांच्या लढ्यात गुंतलेल्या नेत्याने असे प्रकरण घेण्यात राजकीय फायदा शून्य होता, तोटा मात्र दिसत होता.

आंबेडकरांचा युक्तिवाद सरळ होता. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही. मासिक ज्या विषयाला वाहिलेले आहे त्या विषयावरचे प्रश्न वाचक विचारणार आणि संपादकाने उत्तर न देणे म्हणजे मासिक बंद करणे. लोक अज्ञानातून चुका करतात आणि अज्ञान ज्ञानानेच जाते. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला आणि अशा व्यक्तीला तिच्या पद्धतीने सुख मिळवण्यात गैर काय, असा मुद्दा मांडला. १९३४ सालच्या मुंबईतील न्यायालयात, एका वकिलाने, हे म्हटले होते.

खटला ते हरले. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. ‘समाजस्वास्थ्य’ मात्र बंद पडले नाही.

आंबेडकरांनीही विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने प. ज. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव आणला. तेव्हा प्रांतात काँग्रेसचे सरकार होते आणि प्रांताचे पंतप्रधान होते बाळासाहेब खेर. तेही जन्माने रत्नागिरीचेच! ठराव फेटाळला गेला.

काम पुढे कुणी नेले?

दापोली तालुक्यातलाच आणखी एक धागा इथे येऊन मिळतो. मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे हे कर्वे कुटुंबाचे नातलग. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे केंब्रिजला शिकून आल्या, १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात त्यांनी भूमिका केली आणि १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतले. हे काम घेऊन त्या गावोगाव फिरल्या. पुढे राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. कर्वे यांना न मिळालेली मान्यता त्यांच्या पुढच्या पिढीला मिळाली ती अशी.

सरकारने काय घेतले आणि काय सोडले?

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिल्या देशांपैकी एक. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबरमध्ये, बाहेर पडला. वडील तेव्हा ९५ वर्षांचे होते. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, टपाल तिकीट निघाले. मुलाच्या वाट्याला यातले काही आले नाही.

सरकारी कार्यक्रमाने कर्वे यांच्या विचाराचा अर्धा भाग उचलला. लाल त्रिकोण आला, १९६८ पासून स्वस्त दरात ‘निरोध’ आला, शस्त्रक्रियांची उद्दिष्टे आली, आणीबाणीत सक्तीही झाली. लोकसंख्येचा आकडा खाली आणणे हे काम झाले. बाईचे सुख हा विषय त्यातून पूर्ण गळाला. साधनेही हळूहळू तिच्या हातातून सुटली. उरली ती तिच्यावर करायची शस्त्रक्रिया. आजही देशात कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांत प्रचंड मोठा वाटा स्त्रियांचाच असतो आणि पुरुषांची शस्त्रक्रिया, खरे तर अधिक सोपी असूनही, नगण्य राहते. दोन मुलांनंतर ऑपरेशन करून घेतलेल्या कोकणातल्या बाईला तुझ्या सुखाचे काय, असे कुठल्याही सरकारी फॉर्मवर विचारलेले नाही.

योगायोग असा की अमोल पालेकर यांनी कर्वे यांच्यावर काढलेल्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही कुटुंब कल्याण या विभागात. किशोर कदम आणि सीमा बिस्वास यांनी त्यात रघुनाथराव आणि मालतीबाई साकारले होते. अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये रंगमंचावर आले आणि न्यायालयातले युक्तिवाद नव्या प्रेक्षकाने ऐकले.

त्यांच्या मर्यादा कोणत्या?

आजच्या कसोटीवर कर्वे यांच्याही त्रुटी दिसतात. मुखपृष्ठावरचे नग्न शरीर स्त्रीचेच असे. स्त्रीला पाहून आनंद व्हावा असे काय, हा प्रश्न त्या चित्रांनी विचारला नाही. आजच्या स्त्रीवादी दिग्दर्शिका कॅमेरा कुणाच्या हातात आहे, तो कुणाकडे वळला आहे आणि त्यात काम करणाऱ्या स्त्रीला मोबदला आणि संमतीचा हक्क मिळतो का, यावर भर देतात. कर्वे यांच्या मांडणीत हे नव्हते. त्यांचा वाचक मुख्यतः शहरी आणि शिकलेला होता. कोकणातल्या खाचरात राबणाऱ्या बाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ पोहोचणे शक्य नव्हते. अक्षरओळखीपासूनच अडचण होती. बुद्धी पटली की माणूस बदलतो, हा त्यांचा विश्वासही थोडा भाबडा म्हणावा लागेल.

तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कामसुख हा करमणुकीचा, कुतूहलाचा आणि ज्ञानाचा विषय आहे, त्यात बाई ही वस्तू नसून वाटेकरी आहे, हे मराठीत खुलेपणाने छापणारे ते जवळजवळ एकटे होते. आज बाजाराने यातला करमणुकीचा भाग उचलला आहे. ज्ञानाचा भाग शाळेत अजूनही अडखळतो: महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला की वाद होतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो. अशा वेळी मुलांची पहिली शिकवणी मोबाइलवरच्या कामचित्रपटांतून होते, ज्यांतला बहुतेक माल अजूनही पुरुषाच्याच सोयीचा असतो.

कायदा आता काय म्हणतो?

शास्त्र, साहित्य, कला किंवा सार्वजनिक हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अश्लीलतेच्या कलमातून सूट देणारी तरतूद दंड संहितेत १९६९ मध्ये आली. कर्वे जाऊन तेव्हा १६ वर्षे झाली होती. हिक्लिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात मान्य केली होती. ती २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापाने मजकूर पाहावा असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून २९२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे. असा मजकूर मोबाइलवर खासगीत पाहणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही; तो प्रसिद्ध करणे, पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार गुन्हा ठरू शकतो आणि लहान मुलांचा समावेश असलेला मजकूर तर पाहणे, साठवणे हाही गंभीर गुन्हा आहे. म्हणजे स्त्रीवादी असो वा नसो, कामचित्रपट भारतात उघडपणे बनवणे आजही शक्य नाही.

विवाहांतर्गत बलात्काराचा अपवादही नव्या संहितेत कायम आहे. पत्नी सज्ञान असेल तर पतीने तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संबंध बलात्कार मानला जात नाही. बाईच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क नाही, हे कर्वे यांचे म्हणणे कायद्यात अजून उतरलेले नाही.

दोन बाबतींत मात्र उशिरा का होईना, निकाल त्यांच्या बाजूने लागला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द झाले आणि पत्नी ही पतीची मालमत्ता नव्हे हे न्यायालयाने स्पष्ट केले. १९३४ मध्ये २०० रुपये आणि १९३१ मध्ये १०० रुपये दंड झाला होता तो याच दोन विषयांवर लिहिल्याबद्दल.

‘समाजस्वास्थ्य’ आज वाचायला मिळते का?

य. दि. फडके यांनी कर्वे यांचे चरित्र लिहिले आहे. अनंत देशमुख यांनी त्यांचे विखुरलेले लेखन शोधून अनेक खंडांत संपादित केले. मासिकाचे जुने अंकही डिजिटल रूपात आणले गेले आहेत, तेव्हा कधी काळी लपवून घरात न्यावा लागणारा अंक आता फोनच्या पडद्यावर उघडता येतो.